लेकीचं वसतिगृह : खोलीआधी गच्ची पाहा

मुलीला कॉलेजात प्रवेश मिळाला, की घरात वसतिगृहाची चर्चा सुरू होते. खोलीत मुली किती, जेवण कसं, कडी-कोयंडा नीट आहे ना, रेक्टरबाई कडक आहेत की नाहीत, हे सारं आपण खोदून खोदून विचारतो. विचारायलाच हवं. पण दोन प्रश्न हमखास राहून जातात. पाणी कुठून येतं? आणि दुपारी खोली किती तापते? ऐन परीक्षेच्या एप्रिल-मेमध्ये लेकीचा जीव याच दोन गोष्टींनी मेटाकुटीला येतो.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात हे वेगळं सांगायला नको. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र १९८६ पासून आहे, धाराशिव शहरात मराठवाडा विद्यापीठाचं उपकेंद्र २००४ मध्ये सुरू झालं. शिकायला मुली बाहेरगावाहून येतात, पण पाऊस काही वाढत नाही. सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी! २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते आपण विसरलेलो नाही.

टंचाईचा त्रास मुलींना जरा जास्तच. पाळीच्या दिवसांत एका बादलीत आंघोळ, कपडे, स्वच्छता कशी भागवायची? शौचालयात पाणी नसलं की पोरी पाणीच कमी पितात आणि मग लघवीची जळजळ मागे लागते. म्हणून बायांनो, पाण्याची सोय हा काही केवळ इंजिनियरचा विषय नाही.

गच्चीचा हिशेब

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी मिळतं. पाचशे चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षाचे सातशे मिलिमीटर म्हणजे साडेतीन लाख लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं तरी दोन लाख ऐंशी हजार उरतात. शंभर मुलींना रोजचे माणशी शंभर लिटर धरले, तर अठ्ठावीस दिवसांची सोय झाली! एवढं सगळं टाकीत मावणार नाही, हे खरं. पण काही टाकीत साठवावं, उरलेलं वाळू-खडीतून गाळून बोअरमध्ये मुरवावं. आंघोळीचं पाणीही गटारात न सोडता गाळून झाडांना देता येतं.

गारवा आणि भिंती

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुपारचा सूर्य आपल्याकडे अगदी डोक्यावर येतो. त्यामुळे सगळ्यात जास्त तापतं ते छत, आणि भाजून निघतात वरच्या मजल्यावरच्या मुली. गच्चीला उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात दिला किंवा पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी बसवली, तर ऊन बरंचसं परत फिरतं. इमारतीच्या लांब बाजू उत्तर-दक्षिणेला असाव्यात, खिडक्या समोरासमोर, वर छज्जा. पश्चिमेला कडुनिंबाची रांग असेल तर सोन्याहून पिवळं.

हे शहाणपण आपल्या मातीत जुनंच आहे. धाराशिवच्या लेण्यांमधले विहार म्हणजे एका परीनं त्या काळची वसतिगृहंच. मध्ये मंडप, भोवती भिक्षूंच्या खोल्या, आणि डोंगराच्या पोटातला गारवा. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरच्या बांधाच्या पोटात पाणीमहाल बांधला आहे. नदी डोक्यावरून वाहते आणि आत उन्हाळ्यातही थंडावा.

मात्र जुनं ते सगळंच सोनं नव्हे. जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचा थर दिलेलं माळवद, अशी आपल्या भागातली घरं गार असायची खरी. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात तीच घरं निजलेल्या माणसांवर कोसळली. लातूर-उस्मानाबादेत हजारो जीव गेले. तेव्हा गारवा हवा, पण डोक्यावर मणामणाचं ओझं नको. भिंतींना पायाशी, खिडक्यांच्या वर आणि छताखाली काँक्रीटचे पट्टे हवेतच.

राहिलं गरम पाणी. शंभर लिटरचा सौर बंब वर्षाला सुमारे पंधराशे युनिट वीज वाचवतो. फक्त आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. त्याच्या क्षारांनी नळ्या बुजतात, त्या वेळच्या वेळी साफ केल्या नाहीत तर बंब नुसता गच्चीची शोभा!

प्रवेशाच्या दिवशी विचारा :

● गच्चीचं पाणी कुठे जातं? मेमध्ये टँकर किती दिवसांनी येतो?
● वरच्या मजल्यावरची खोली दुपारी तीन वाजता उघडून दाखवाल का?
● सौर बंब चालू आहे का? शेवटचा साफ कधी केला?
● वापरलेले पॅड टाकायची झाकणाची बादली आहे का, आणि ती कोण, किती दिवसांनी रिकामी करतं?
● इमारतीला भूकंपाचे पट्टे आहेत का?

विचारायला संकोच वाटेल, ‘बाईंना काय कळतंय’ असंही कुणी म्हणेल. म्हणू दे! घरातला हंडा किती दिवस पुरवायचा, हे आपल्याइतकं कुणाला कळतं? एका आईनं विचारलं तर हसण्यावारी नेतील. दहाजणींनी विचारलं, तर पुढच्या पावसाळ्याआधी पन्हळ नक्की बसेल.