क्रिकेट 07 नंतरचा खेळ

2000 नंतर वसई-विरारच्या घराघरांत असेंबल्ड पीसी येऊ लागले. त्यावर पहिल्याच आठवड्यात जे गेम चढायचे, त्यात ईए स्पोर्ट्सचं क्रिकेट हटकून असायचं. स्टेशनबाहेरच्या सीडीवाल्याकडून, नाहीतर मित्राच्या मोठ्या भावाकडून ते मिळायचं. या मालिकेचा शेवटचा भाग, क्रिकेट 07, नोव्हेंबर 2006 मध्ये आला. कंपनीने त्यानंतर एकही भाग काढला नाही. तरी आमच्याकडे ती मालिका पुढे कित्येक वर्षं वाढत राहिली, आणि माझ्या मते तिचा सगळ्यात समृद्ध काळ तोच.

सुरुवातीचे भाग मेलबर्नच्या बीम सॉफ्टवेअरने केले. क्रिकेट 96 आणि क्रिकेट 97 मधले खेळाडू सपाट होते, चेहऱ्यावरून कोण कुठला ओळखणं अशक्य. मोठी उडी घेतली ती क्रिकेट वर्ल्ड कप 99 ने. इंग्लंडमधल्या त्या वर्षीच्या विश्वचषकाचा हा अधिकृत गेम क्रिएटिव्ह असेम्ब्लीने बनवला. हीच मंडळी वर्षभरात टोटल वॉर नावाचा युद्धाचा गेम घेऊन आली आणि पुढे त्याच नावाने ओळखली गेली. 99 मध्ये खेळाडूंना त्रिमितीतलं शरीर मिळालं, आणि समालोचनाला रिची बेनॉ आणि डेव्हिड गॉवर बसले. चाळीतल्या दोन खोल्यांत, टीव्हीवर सामना नसतानाही बेनॉचा आवाज ऐकू यायला लागला, हे त्या वयात केवढं अप्रूप होतं!

क्रिकेट 2000 आणि 2002 बद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मालिका पुन्हा रुळावर आली ती 2004 पासून. तेव्हापासूनचे तिन्ही भाग एचबी स्टुडिओजचे. ही कंपनी कॅनडातल्या नोव्हा स्कॉशिया प्रांतातल्या लुनेनबर्गची. लुनेनबर्ग म्हणजे आपल्या अर्नाळ्यासारखं मासेमारीवर वाढलेलं बंदर. त्या गावात बसून लोकांनी आमच्यासाठी ऑफ-ब्रेक आणि स्क्वेअर कट घडवला, याचं मला आजही मनापासून कौतुक वाटतं.

2004 मध्ये देशांतर्गत क्रिकेट आलं: ऑस्ट्रेलियाची राज्यं, इंग्लंडच्या काउंटी. पुढे ट्वेंटी-20 सुद्धा आलं. रणजी मात्र शेवटपर्यंत आलं नाही. ससेक्सकडून खेळता यायचं, मुंबईकडून नाही. त्याहून मोठी बोच नावांची होती. भारतीय संघाचे हक्क कंपनीकडे नव्हते, त्यामुळे 2005 आणि 07 मध्ये आपल्या खेळाडूंची नावं मोडूनतोडून टाकलेली असायची. सलामीला येणारा कोण हे स्टान्सवरून आणि क्रमावरून ओळखायचं. ज्या देशात हा गेम इतक्या पोरांनी खेळला, त्याच देशाचा संघ त्यात टोपणनावाने वावरत होता.

खेळ कसा बदलला, हे मात्र नीट सांगायला हवं, कारण माझा खरा आक्षेप तिथेच आहे. भाग बदलले तसे फटके वाढले, स्टेडियम सजली, रिप्ले देखणे झाले. 07 ने गेमपॅडसाठी सेंच्युरी स्टिक आणली, म्हणजे फटक्याची दिशा आणि पायाची हालचाल दोन काड्यांनी ठरवायची. आमच्याकडे गेमपॅड नसायचा, एकाच की-बोर्डवर दोघं खांद्याला खांदा लावून बसायचे. गोलंदाज खेळपट्टीवर एक खूण सरकवून टप्पा ठरवायचा आणि ती खूण फलंदाजालाही दिसायची. म्हणून चांगला गोलंदाज खूण आधी शॉर्ट ठेवायचा, रनअप संपता संपता खाली यॉर्करवर ओढायचा. समोरच्याचं बोट बॅकफूटच्या बटणावर अडकलं की दांडी गुल. गोलंदाजीतला सगळा थरार त्या अर्ध्या सेकंदात होता, आणि तोही समोर माणूस असेल तरच.

संगणकाविरुद्ध तो उरायचा नाही. एकदा टायमिंग बसलं की कव्हरवरून उचललेला चेंडू सीमेपार जायचाच, दर ओव्हरला, दर सामन्यात. सोडून दिलेला चेंडू, खेळून काढलेली ओव्हर, पॅडला लागलेल्या चेंडूवरचं जोरदार अपील, यांची किंमत भागागणिक कमी होत गेली. क्रिकेटचा निम्मा खेळ गोलंदाजाचा असतो. मालिकेने तो निम्मा भाग हळूहळू सोडून दिला आणि त्याबद्दल कोणी फारशी तक्रारही केली नाही, कारण षटकार मारायला सगळ्यांनाच आवडतं.

कसोटी खेळणाऱ्यांची गंमत वेगळीच होती. वसईची खाडी ओलांडली की तेव्हा लोडशेडिंगचा मुलूख सुरू व्हायचा. यूपीएस काही मिनिटं तग धरायचा, तेवढ्यात सामना सेव्ह करायचा. लाइट जायची वेळ पोरांना तोंडपाठ असायची आणि त्या हिशेबाने डाव घोषित व्हायचे. लोडशेडिंगच्या वेळापत्रकात बसवून पाच दिवसांची कसोटी पुरी करणाऱ्या पोरांनी या मालिकेवर जितकं प्रेम केलं, तितकं लुनेनबर्गमध्येही कोणी केलं नसेल.

सप्टेंबर 2007 मध्ये भारत ट्वेंटी-20 विश्वचषक जिंकला, 2008 मध्ये आयपीएल सुरू झालं. क्रिकेट 07 ला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आणि इथूनच खेळणाऱ्यांनी मालिका हातात घेतली. जगभरातल्या चाहत्यांनी पॅच बनवायला सुरुवात केली. आधी खरी नावं, मग जर्सी, मग बॅटवरचे स्टिकर, चेहरे, वानखेडे, मग आयपीएलचे सगळे संघ. रोस्टरची, म्हणजे संघांतल्या खेळाडूंच्या यादीची, फाइल माय डॉक्युमेंट्समधल्या फोल्डरमध्ये टाकायची, मूळ फाइलची कॉपी आधी बाजूला काढून ठेवायची, जर्सीच्या फाइल गेमच्या फोल्डरमध्ये ओव्हरराइट करायच्या. सायबर कॅफेतून पेन ड्राइव्हवर हे सगळं घरी यायचं. ज्याला पॅच टाकता येतो त्या मुलाला बिल्डिंगमध्ये मान असायचा. पुढे संगणकाच्या कामाला लागलेल्या कित्येकांनी फाइल एक्स्टेन्शन म्हणजे काय हे पहिल्यांदा इथेच शिकून घेतलं.

दरम्यान गावाचा पत्ताच बदलला. 2009 मध्ये वसई-विरार महापालिका झाली, 2014 मध्ये ठाण्यातून निघून आम्ही पालघर जिल्ह्यात गेलो. त्याच सुमारास विरारचा एक मुलगा लोकलने वांद्र्याला शाळेत जात होता. नोव्हेंबर 2013 मध्ये हॅरिस शील्डमध्ये रिझवी स्प्रिंगफील्डकडून त्याने 330 चेंडूंत 546 धावा केल्या. पृथ्वी शॉ. क्रिकेट 07 बाजारात आला तेव्हा तो नुकता सात वर्षांचा झाला होता. 2018 मध्ये त्याने एकोणीस वर्षांखालच्या संघाला विश्वचषक जिंकून दिला, दिल्लीकडून आयपीएल खेळला, राजकोटला पदार्पणात 134 केल्या, आणि चाहत्यांच्या नव्या रोस्टरमध्ये त्याचं नाव आलं. कंपनीने बारा वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या खेळात विरारचा पोरगा सलामीला उतरला, आणि तोही स्वतःच्या नावाने!

ईएने रिकामी केलेली जागा मेलबर्नच्याच बिग अँटने घेतली. 2014 चा डॉन ब्रॅडमन क्रिकेट 14 मला या सगळ्या परंपरेतला सर्वांत प्रामाणिक गेम वाटतो. त्यात सोळा वर्षांचा नवखा खेळाडू घेऊन सुरुवात करायची आणि फक्त त्याच्यापुरतं खेळायचं. दुसऱ्या टोकाला उभं राहायचं, बाद झालो की पुढच्या डावाची वाट पाहायची. चेंडू कुठे पडतो ते नजरेने टिपायचं, नाही जमलं तर सोडून द्यायचा. पहाटेच्या गाडीत किटबॅग घेऊन चढणाऱ्या मुलांचं क्रिकेट हेच असतं. पण त्याला गेमपॅड लागायचाच आणि मशीनही बऱ्यापैकी ताकदीचं, त्यामुळे तो आमच्याकडे थोड्यांपर्यंतच पोहोचला. पुढे क्रिकेट 19, 22, 24 अशी त्याची मालिका झाली आणि 24 मध्ये आयपीएलचे काही संघ अधिकृतपणे आले.

बाकीचे फोनकडे वळले. चेन्नईच्या नेक्स्टवेव्हचा वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप 2 हा 2015 चा, पुढच्याच वर्षी जिओ आलं, आणि विरार-चर्चगेट प्रवासात आडवे धरलेले फोन दिसू लागले. नेक्स्टवेव्हमध्ये नंतर मुंबईच्या नझाराने मोठा हिस्सा घेतला. नॉटिलसची रिअल क्रिकेट ही मालिका 2020 मध्ये पुण्याच्या जेटसिंथेसिसकडे गेली आणि 2025 मध्ये कोरियाच्या क्राफ्टनने नॉटिलसमध्ये बहुमताचा हिस्सा घेतला. इथे भाग बदलण्याची रीतच बदलली आहे. नवीन सीडी येत नाही, त्याच गेममध्ये दर काही दिवसांनी अपडेट उतरतं. नवी बॅट हवी तर नाणी जमवा, नाहीतर पैसे मोजा किंवा जाहिरात पाहा. वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप 3 मध्ये मॅथ्यू हेडनबरोबर ईशा गुहा, अंजुम चोप्रा बोलतात, आणि समालोचनात बायकांचा आवाज असणं ही मला फार चांगली सुधारणा वाटते.

पण सामना पाच षटकांचा झाला आहे. दोन स्टेशनांमध्ये डाव आटोपतो. कसोटीचा पर्याय मेनूमध्ये असतो, गाडीत तो कोणी उघडलेला मी पाहिला नाही. पॅच बनवणाऱ्यांची सोयही फोनवर उरली नाही, कारण फाइल कंपनीच्या ताब्यात असतात आणि सर्व्हर बंद झाला की त्या भागाचाही बराचसा खेळ त्याच्याबरोबर जातो. क्रिकेट 07 ला असा सर्व्हर लागत नाही. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या जुन्या लॅपटॉपवरही तो चालतो, आणि नव्या आयपीएलचं रोस्टर अजूनही कोणीतरी बनवून देतं.