निजेचे ऋण



‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. झोप खरी असली की उशाला धोंडाही चालतो, असा तिचा अर्थ. आज घरोघरी मऊ गाद्या आल्या, डोक्यावर पंखे आले; पण निजेला जी एक गोष्ट खरोखर लागते, ती म्हणजे वेळ, तेवढी मात्र आपण तिला देईनासे झालो आहोत. कमी झोपणारा तो उद्योगी आणि पुरेसा झोपणारा तो कुंभकर्ण, असा आपला हिशेब ठरला आहे. तो कितपत बरोबर आहे, हे तपासून पाहू.

चरकसंहितेने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले. आधुनिक शास्त्रही निद्रेला रिकामा वेळ समजत नाही. आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि त्यामुळे पेंग येऊ लागते. झोपेत हा साठा ओसरतो. चहा-कॉफीतील कॅफिन या द्रव्याची वाट अडविते, साठा कमी करीत नाही. म्हणजे चहाने कर्ज फिटत नाही. दाराशी आलेल्या सावकाराचा आवाज तेवढा आपल्याला ऐकू येत नाही.

हे कर्ज कसे चढते, याचा एक प्रयोग २००३ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी प्रसिद्ध केला. ४८ निरोगी माणसे घेतली. त्यांतील काहींना १४ दिवस रोज आठ तास, काहींना सहा, तर काहींना चारच तास झोपू दिले. पडद्यावर खूण दिसताच बटण दाबावयाचे, अशी सोपी परीक्षा होती. सहा तासवाल्यांच्या चुका रोज थोड्या थोड्या वाढत गेल्या आणि दोन आठवड्यांअखेर अख्खी रात्र जागून काढलेल्या माणसाइतकी त्यांची अवस्था झाली. परंतु खरी मौज पुढेच आहे. ‘तुम्हांला झोप येते का?’ असे विचारल्यावर ते सांगत, ‘फारशी नाही.’ कर्ज वाढत होते आणि कर्जदाराला त्याचा पत्ता नव्हता!

माझ्या मते सगळ्या विषयाचे मर्म येथेच आहे. ताप आला तर अंग सांगते, दाढ दुखली तर दाढ सांगते. जागरणाने मात्र जी बुद्धी आपली परीक्षा घ्यावयाची, तीच मंदावते. म्हणून ‘मला चार-पाच तास पुरतात, मला काही होत नाही’ ही साक्ष ग्राह्य धरता येत नाही.

याचे मोल कधी कधी दुसऱ्यालाही द्यावे लागते. सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात आणि डोळे रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखे चालतात, असे १९९७ साली ऑस्ट्रेलियात आढळून आले. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे! सकाळी सहाला उठलेला मनुष्य रात्री अकराला येथवर पोहोचतो. आणि नेमक्या त्याच वेळी आपण, ‘रस्ता मोकळा असतो’ म्हणून, मुलाबाळांसह घाट उतरावयास निघतो.

शरीरही हिशेब ठेवतेच. शिकागोत ११ तरुणांना सहा रात्री चारच तास झोपू दिले, तेव्हा त्यांची रक्तातील साखर हाताळण्याची शक्ती लक्षात येण्याइतकी घटली. भरपूर झोप मिळताच ती सुधारली. २०१५ सालच्या दुसऱ्या एका प्रयोगात १६४ जणांच्या नाकात पडशाचे विषाणू सोडले. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना पडसे होण्याचा संभव सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या चौपटीहून जास्त ठरला.

मग करावे काय? प्रौढाला निदान सात तास आणि किशोरवयीन मुलामुलींना आठ ते दहा तास झोप हवी. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाला उठवून अभ्यासाला बसविण्यापेक्षा त्याला निजू देण्यात अधिक शहाणपण आहे. रात्रपाळीवरून आलेल्या माणसासाठी दुपारी खोलीत अंधार आणि घरात शांतता ठेवणे, ही घरच्यांनी करावयाची खरी सेवा होय. आणि सात-आठ तास झोपूनही जो दिवसा पेंगतो व रात्री मोठ्याने घोरतो, त्याची थट्टा न करता त्याला डॉक्टरांकडे न्यावे. झोपेत त्याचा श्वास अडखळत असण्याचा संभव असतो.

कोजागरीच्या रात्री लक्ष्मी ‘कोण जागे आहे?’ असे विचारीत फिरते म्हणतात. तिच्यासाठी आपण अवश्य जागावे. पण ती वर्षातून एकदाच विचारते, हेही ध्यानात ठेवावे.