छाती आणि स्टिअरिंग यांच्यातले 25 सेंटिमीटर

‘उंची चार फूट दहा इंच, बजेट सहा-सात लाखांचं, आयुष्यातली पहिलीच गाडी, कोणती घेऊ?’ 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. गाडी आवाक्यात आलेल्या अनेक घरांत आज हा प्रश्न निघतो आणि त्याला ठरलेलं उत्तर मिळतं: उंच गाडी घ्या, म्हणजे रस्ता नीट दिसेल. या उत्तरात अर्धंच तथ्य आहे. माणूस गाडीत उभा राहत नाही, बसतो. बसल्यावर त्याच्या उंचीचे दोन भाग पडतात. कमरेवरचा भाग डोळे कुठे असतील ते ठरवतो आणि पायांची लांबी सीट किती पुढे ओढावी लागेल ते ठरवते. दोघींची उंची तंतोतंत सारखी असूनही एकीचे पाय लांब आणि दुसरीचं धड लांब असू शकतं; मग एकीला सोयीची गाडी दुसरीला गैरसोयीची ठरते. म्हणून ‘पाच फुटांखालच्यांसाठी उत्तम गाड्या’ अशा याद्यांवर विसंबून पैसे खर्च करू नयेत. मोजायला हवं ते अंतर छातीचं मधलं हाड आणि स्टिअरिंगचा मधला भाग यांच्यामधलं, आणि तेही पेडल पूर्ण दाबलेलं असताना.

मुळात ‘बुटकी’ कोणाला म्हणायचं, हेही तपासायला हवं. अपघात-चाचण्यांत वापरला जाणारा सर्वांत प्रचलित पुतळा, हायब्रिड-3, सुमारे 175 सेंटिमीटर उंचीच्या आणि 78 किलो वजनाच्या पुरुषाचा आहे. याच कुटुंबातला स्त्रीचा छोटा पुतळा साधारण 152 सेंटिमीटर उंच आणि 49 किलो वजनाचा. शंभर अमेरिकी स्त्रियांपैकी सर्वांत कमी उंचीच्या पाचजणींची सीमारेषा म्हणजे हा पुतळा. आता आपल्याकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतीय स्त्रीची सरासरी उंची 152 सेंटिमीटरच्या आसपास आहे. तिथे जे टोक आहे ते इथे मध्य आहे. भारतातल्या निम्म्या स्त्रिया त्या ‘अपवादात्मक’ पुतळ्यापेक्षाही बुटक्या आहेत, आणि त्यांना उंचीची अडचण असलेल्या गिऱ्हाइकांसारखं वागवणं ही विज्ञानाच्या दृष्टीने सरळ चूक आहे.

माहिती नव्हती, ही गाड्या बनवणाऱ्यांची सबबसुद्धा चालणार नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतले देबकुमार चक्रवर्ती यांनी भारतीय शरीरमापांचा मोठा संग्रह 1997 मध्येच पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची उंची, गुडघ्यापर्यंतचं अंतर, हाताचा पल्ला अशी मापं त्यात आहेत. खुर्ची, यंत्र, ओटा असं काहीही भारतीय माणसासाठी बनवणाऱ्याने आधी ते पुस्तक उघडावं, इतक्या मोलाचं ते काम आहे. ज्या देशात रॉकेट-शास्त्रज्ञांची नावं शाळकरी मुलांनाही पाठ असतात, तिथे चक्रवर्तींचं नाव डिझाइनच्या विद्यार्थ्यांपलीकडे फारसं कोणाला ठाऊक नाही, ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे. पुढे पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेतल्या अभियंत्यांनी खास भारतीय वाहनचालकांची मापं घेतली आणि 2011 मध्ये त्यावर शोधनिबंध मांडला. म्हणजे आकडे आपल्याच घरात तयार आहेत.

छाती आणि स्टिअरिंग यांच्यातल्या अंतराचं महत्त्व जगाला कळलं ते फार महागात पडून. अमेरिकेच्या नियमानुसार एअरबॅगने सीटबेल्ट न लावलेल्या सरासरी पुरुषाला ताशी 48 किलोमीटर वेगाच्या धडकेत वाचवायला हवं होतं. बेल्टविना पुढे फेकल्या गेलेल्या 78 किलोंना थोपवायचं, तर बॅग प्रचंड जोराने आणि डोळ्यांचं पातं लवायच्या आत फुगायला हवी. तशा जोरकस बॅगा 1990 च्या दशकात लाखो गाड्यांत बसल्या. मग साध्या, कमी वेगाच्या धडकांतही मृत्यू होऊ लागले. 1990 ते 2008 या काळात एअरबॅगच्याच आघाताने झालेल्या मृत्यूंची तिथली नोंद 290 च्या वर गेली. त्यात पुढच्या सीटवरची लहान मुलं सर्वाधिक होती आणि बहुतेकांनी बेल्ट नीट लावलेला नव्हता. चालकांमध्ये मात्र स्टिअरिंगला खेटून बसणाऱ्या कमी उंचीच्या स्त्रिया ठळकपणे दिसत होत्या. बॅग बाहेर पडते त्या पहिल्या पाच-आठ सेंटिमीटरांत तिचा जोर सर्वाधिक असतो. छाती तिथेच असेल तर तो सगळा आघात छातीवर. 1997 मध्ये बॅगांचा जोर कमी करायला परवानगी मिळाली, नंतर चालकाचं अंतर आणि बेल्ट ओळखून फुगणाऱ्या बॅगा आल्या. छातीपासून किमान दहा इंच, म्हणजे 25 सेंटिमीटर अंतर राखा, ही शिफारस त्या अनुभवातून पक्की झाली. यावरून एअरबॅगच नको असा अर्थ कोणी काढू नये. बेल्ट लावून, अंतर राखून बसलेल्या बुटक्या चालकालाही ती वाचवतेच.

आता भूमिती. बसलेल्या चालकाचा पाय म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडी समजा: वरचं टोक कमरेशी, खालचं पेडलपाशी. पायाचा उपयोगी पल्ला 75 सेंटिमीटर आणि कंबर टाचेपेक्षा 25 सेंटिमीटर वर असेल, तर पायथागोरसच्या हिशेबाने कमरेपासून पेडलचं आडवं अंतर 70.7 सेंटिमीटर येतं. सीट पाच सेंटिमीटर वर घेतली की ते 68.7 होतं. आणखी पाच वर घेतली तर 66.3. म्हणजे उंची वाढवण्याची किंमत पुढे सरकून चुकवावी लागते, आणि दर वेळी ती किंमत वाढत जाते. सीटची उंची बदलणारा खटका हवाच, पण तो एकटा प्रश्न सोडवत नाही, हे या साध्या त्रिकोणातून दिसतं. डोळे वर नेताना छाती स्टिअरिंगकडे सरकते. ते अंतर परत मिळवायचं तर स्टिअरिंग हलायला हवं. ते वर-खाली होत असेल तर बॅगेचं तोंड चेहऱ्याऐवजी छातीकडे वळवता येतं, आणि पुढे-मागे होत असेल तर हरवलेले सेंटिमीटर परत मिळतात. दुर्दैवाने सीटचा खटका बहुतेकदा वरच्या व्हेरिएंटमध्ये मिळतो आणि पुढे-मागे होणारं स्टिअरिंग या बजेटमध्ये दुर्मीळच.

याहून मोठा फरक पडतो तो क्लचने. मॅन्युअल गाडीत सीट कुठे ठेवायची हे क्लच ठरवतो, कारण तिन्ही पेडलांत तो सर्वांत खोल जातो आणि प्रत्येक गिअरला पूर्ण दाबावा लागतो. पाय आखूड असेल तर त्या शेवटच्या दोन बोटं अंतरासाठी सीट पुढे ओढावी लागते आणि मग दिवसभर छाती स्टिअरिंगजवळ राहते. क्लचचं पेडल काढून टाकलं की सीट ब्रेकच्या हिशेबाने लावता येते आणि काही सेंटिमीटर आपोआप मोकळे होतात. 2014 मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर क्लचचं काम आपोआप करणारा एएमटी गिअरबॉक्स स्वस्त गाड्यांत आला; आज त्यासाठी मॅन्युअलपेक्षा साधारण पन्नास हजार जास्त पडतात. एएमटी गिअर बदलताना हिसका देते, ही तक्रार खरी आहे. पण बुटक्या चालकासाठी हा खर्च चैनीचा नाही, सुरक्षिततेचा आहे. मोठ्या टचस्क्रीनवर, अलॉय व्हीलवर तो करण्याआधी इथे करावा. इलेक्ट्रिक गाडीत तर क्लच नसतोच.

‘मग छोटी एसयूव्हीच घेतली तर?’ इथेही आकडे मांडून बघू. समजा हॅचबॅकमध्ये चालकाचे डोळे रस्त्यापासून 110 सेंटिमीटरवर, बॉनेटची कड 80 वर आणि डोळ्यांपासून दोन मीटर पुढे आहे. समरूप त्रिकोणांनुसार डोळ्यांपासून सुमारे 7.3 मीटरपर्यंतची जमीन दिसणार नाही. तीच व्यक्ती एसयूव्हीत बसली आणि डोळे 120 वर गेले, पण बॉनेटची कड 100 वर गेली, तर न दिसणारी जमीन 12 मीटरपर्यंत पसरते. लांबचा रस्ता छान दिसतो, गाडीसमोरून जाणारं मूल मात्र दिसत नाही. डोळे किती उंच यापेक्षा बॉनेटच्या किती वर, हे महत्त्वाचं. त्यामुळे 1998 ची सँट्रो आणि 1999 ची वॅगनआर यांनी रुळवलेली ‘टॉलबॉय’ बांधणी, म्हणजे बसायला खुर्चीसारखी उंच सीट आणि पुढे छोटं, उतरतं बॉनेट, अशा चालकांसाठी आजही एसयूव्हीपेक्षा जास्त विचारपूर्वक वाटते.

उशीचा उपाय सगळेच सुचवतात. पाठीमागची जाड उशी म्हणजे छाती तितकीच पुढे. बुडाखालची मऊ उशी धडकेत दबते, कंबर बेल्टखालून सरकते आणि कमरेवरचा पट्टा पोटावर चढतो. घ्यायचीच तर घट्ट, न सरकणारी, उतरत्या आकाराची घ्यावी. उंची फारच कमी असेल तर पेडलच पुढे आणणारी जोडणी करता येते. ती बोल्टने पक्की बसवलेली असावी आणि आरटीओची परवानगी घेऊनच करावी. अपघात-चाचण्यांतल्या स्टार रेटिंगचं काय, असंही विचारलं जाईल. रेटिंग उपयोगाचं आहेच. गाडीचा सांगाडा मजबूत आहे का ते त्यातून कळतं. पण ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅपच्या पहिल्या नियमावलीत समोरच्या धडकेला चालकाच्या जागी पुरुषाचाच पुतळा बसतो. युरो एनकॅपने 2015 पासून एका चाचणीत छोट्या स्त्रीचा पुतळा स्टिअरिंगमागे बसवला. जिथे तो पुतळा सरासरी स्त्रीएवढा आहे, त्या देशाने हे कधीच करायला हवं होतं.

तोवर शोरूममध्ये जाताना रोजच्या चपला आणि शाळेची फूटपट्टी न्यावी. आधी सीट सर्वांत वर घ्यावी, मग टाच जमिनीला टेकवून क्लच, किंवा एएमटी असेल तर ब्रेक, तळापर्यंत दाबावा. तेव्हा गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. पाठ टेकवून, सीटची पाठ थोडी कलती करून फूटपट्टी छातीच्या हाडापासून स्टिअरिंगच्या मधोमध धरावी. 25 सेंटिमीटर भरत नसतील तर स्टिअरिंग आणि सीट हलवून पुन्हा मोजावं. नजर स्टिअरिंगच्या कडेवरून जाते की तिच्या आतून, आणि बेल्ट खांद्यावर बसतो की गळ्याला घासतो, हेही तेव्हाच बघावं. खांद्याजवळचा बेल्टचा हुक खाली करता येतो का, ते विचारावं. विक्रेता वरचं व्हेरिएंट दाखवून खालचं गळ्यात मारत असेल, तर जे विकत घ्यायचं आहे नेमकं त्याच व्हेरिएंटमध्ये बसायचा आग्रह धरावा, कारण सीटचा खटका एकात असतो आणि दुसऱ्यात नसतो.