बॅट विमानात, पण हातात नाही

पांढुर्णा आणि सौसरसाठी जवळचा विमानतळ नागपूरचा, सोनेगावचा. दोन्हीकडचे रस्ते सावनेरला एकत्र येतात. देशांतर्गत विमानाचे बॅगेज काउंटर साधारण तासभर आधी बंद होते, त्यामुळे वाटेतल्या चहाचा वेळ हिशेबात धरूनच घर सोडावे.

बेसबॉलची बॅट केबिनमध्ये चालत नाही. लाकडी असो की ॲल्युमिनियमची, मुलाची असो की मोठ्याची, सुरक्षा तपासणीत ती अडवली जातेच. तिथे पोराच्या डोळ्यांदेखत आवडती बॅट सोडून द्यावी लागणे फार वाईट, म्हणून ती आधीच चेक-इन सामानात द्या. २८ इंची बॅट म्हणजे ७१ सेंटिमीटर. मोठ्या सुटकेसमध्ये ती तिरकी बसते. वेगळी पिशवी केली तर तो वेगळा नग धरला जाऊ शकतो. इकॉनॉमीत बहुतेक कंपन्या १५ किलो चेक-इन आणि ७ किलो केबिन सामान नेऊ देतात. दोन वर्षांवरील मुलाचे पूर्ण तिकीट लागते, आणि त्यासोबत त्याच्या वाट्याचे सामानही मिळते. जादा वजन लागणार असेल तर आधी ऑनलाइन घ्या, काउंटरवर महाग पडते.

ग्लोव्ह मात्र हातातल्या बॅगेतच हवा. जड सामानाखाली दबला की त्याचा खळगा चपटा होतो आणि चेंडू नीट बसत नाही. खळग्यात चेंडू ठेवून वरून रबराचा पट्टा लावा. हेल्मेटमध्ये मोजे भरा, जागा वाचते. खिळ्यांचे बूट बॅटसोबत खाली.