‘फक्त मदरबोर्ड बदलायचा!’

“आई, फक्त मदरबोर्ड बदलायचा. बाकी सगळं तेच राहील.”

आमच्या चिरंजीवांनी हे इतक्या सहज सांगितलं, की मला वाटलं कुकरची रिंगच बदलायचीय. पोस्टातली माझी आरडी त्याच आठवड्यात सुटली होती. त्या पैशांतून ओट्याखाली ट्रॉल्या करून घ्यायचं दोन वर्षांपासून मनात होतं, आणि हे त्यालाही ठाऊक होतं.

प्रकरण असं, की २०१८ साली लेकीच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेला कॉम्प्युटर, ती पुण्याला नोकरीला गेल्यावर धाकट्याकडे आला. त्यात एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० हे ग्राफिक्स कार्ड आहे. गेममधली पळती चित्रं तयार करायचं काम या कार्डाचं. आता मित्राचा मित्र तेच कार्ड जुनं सहा हजारांत देतोय. एकाला दोन कार्डं जोडली की गेम दुप्पट पळणार, पण आपल्या बोर्डावर कार्डाचा स्लॉट एकच, म्हणून दोन स्लॉटचा बोर्ड हवा. हिशेब ऐकायला चोख होता. दोन बर्नरवर स्वयंपाक लवकर होतोच की!

शनिवारी आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकानदार मुलाशीच बोलत होते. मला स्टूल आणि चहा. मैत्रिणींनो, साडी घेताना आपण पदर उजेडात धरून बघतो, भाजीवाल्याला भेंडी मोडून दाखवायला लावतो. पण कॉम्प्युटरच्या दुकानात तोंडाला कुलूप! त्यांनी दोन लांब स्लॉटचा बोर्ड दाखवला. “दोन्ही सोळाचे आहेत, बिनधास्त घ्या,” म्हणाले. मग हळूच पुढचं आलं. या बोर्डाला २०१८चा प्रोसेसर बसत नाही, सॉकेट वेगळं. म्हणजे प्रोसेसर नवा. रॅमही नवी. ‘फक्त मदरबोर्ड’चा आकडा अडतीस हजारांवर गेला. मी कागदावर सगळं लिहून घेतलं आणि “घरी विचारून सांगते” म्हणून उठले. हे वाक्य बायकांना फार उपयोगी पडतं.

रात्री लेकीला फोन केला. ती म्हणाली, “आई, दुसऱ्या स्लॉटमध्ये पिना किती आहेत ते बघितलंस का?”

मग तिने समजावलं ते मला नळाच्या भाषेत पटलं. बाहेरून पाइप जाड दिसतो, पण मागे कनेक्शन अर्ध्या इंचाचं असेल तर पाणी तेवढंच येणार. मदरबोर्डावर या कनेक्शनला लेन म्हणतात. घरगुती प्रोसेसर ग्राफिक्स कार्डासाठी सोळा लेन देतो. दोन कार्डं लावायची तर त्या आठ-आठ वाटल्या जायला हव्यात, आणि ही सोय महागड्या बोर्डांवरच जास्त करून असते. बऱ्याच स्वस्त बोर्डांवर पहिल्या स्लॉटला सोळा मिळतात. दुसरा दिसायला तेवढाच लांब, पण त्याला चारच लेन, त्याही चिपसेटमार्फत. त्याच वाटेनं हार्ड डिस्क, यूएसबी, इंटरनेट सगळ्यांची ये-जा चालते. दोन कार्डं जोडण्याच्या एनव्हिडियाच्या पद्धतीला, म्हणजे एसएलआयला, प्रत्येक कार्डामागे निदान आठ लेन लागत. एएमडीची क्रॉसफायर चारवरही भागवून घ्यायची.

सोमवारी मी एकटीच दुकानात गेले. मोबाइलचा टॉर्च लावून स्लॉटमध्ये बघितलं. पहिल्यात टोकापर्यंत पिना, दुसऱ्यात पुढच्या थोड्याशा भागात. बाकी नुसतं प्लास्टिक. “दादा, याला लेन चारच ना?” दुकानदारांनी चष्मा वर सरकवला. “ताई, कोण शिकवलं हे?” त्यानंतर मात्र ते मोकळेपणानं बोलले. खरंच दोन कार्डं लावायची असतील, तर बोर्डाच्या माहितीपत्रकात दोन्ही स्लॉट भरल्यावर ‘आठ-आठ’ असं लिहिलंय का ते वाचायचं. दोन स्लॉटमधलं अंतर बघायचं, कारण आजची कार्डं जाडजूड. वरचं खालच्याला चिकटलं की त्याच्या पंख्याला हवाच मिळत नाही. छोटा मायक्रो एटीएक्स बोर्ड या कामाला नकोच. कॅबिनेट ऐसपैस हवं. आणि एसएमपीएस! एकटं १०६० कार्ड जोरात चालताना १२० वॉट घेतं, दोन म्हटल्यावर २४०, प्रोसेसर वेगळा. आमच्याकडच्या मे महिन्यात ती खोली म्हणजे भट्टीच.

“पण तुमच्या मुलाला यातलं काहीच लागणार नाही,” ते शेवटी म्हणाले. “१०६०ला एसएलआयचा जोडच नाही.”

मी थक्क. हे शनिवारी का नाही सांगितलं, असं ओठांवर आलं होतं, पण गिळलं.

घरी येऊन चिरंजीवांना कॅबिनेट उघडायला लावलं. जोडता येणाऱ्या कार्डाच्या वरच्या कडेला सोनेरी दाते असतात. त्याने ब्रशनं धूळ झटकली, कड बघितली, पुन्हा बघितली. “नाहीयेत,” एवढंच म्हणाला. रात्री जेवलाही गप्पच. खरं सांगते, मला जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही. महिनाभर त्याने वहीत बोर्डांची नावं लिहिली होती.

मग दोन दिवस आम्ही दोघं मिळून वाचत बसलो. तेव्हा कळलं, की दोन कार्डांचा तो जमानाच सरलाय. एनव्हिडियाने २००४ साली एसएलआय आणली, पाठोपाठ २००५ला क्रॉसफायर आली, तेव्हा त्याची मोठी हवा होती. एक चित्र या कार्डाने काढायचं, पुढचं त्याने. पण दोघांचा ताल चुकला की गेम अडखळायचा. शिवाय सहा जीबीची दोन कार्डं म्हणजे बारा जीबी होत नाहीत. दोघांनाही तोच मजकूर आपापल्याजवळ ठेवावा लागतो, म्हणून गेमला सहाच. जानेवारी २०२१पासून एनव्हिडियाने एसएलआयसाठी नव्या गेमची जुळणी करून देणं थांबवलं, आणि २०२२मध्ये आलेल्या चाळीसच्या मालिकेत तर सर्वांत महागड्या कार्डालाही जोड ठेवला नाही. ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी चित्रं करणाऱ्यांना आजही दोन कार्डं कामी येतात, तीही जोडाशिवाय. त्यांनी आठ-आठचा बोर्ड जरूर शोधावा. गेमसाठी मात्र एकच, पण चांगलं.

ह्यांचं म्हणणं होतं, काहीच घेऊ नका, परीक्षा तोंडावर आहे. मला ते पटलं नाही. पोराने महिनाभर अभ्यास केला होता, भले चुकीच्या धड्याचा असेल. बोर्ड जुनाच ठेवला. एक नवं कार्ड आणि त्याला पुरेल असा एसएमपीएस घेतला. जुनं कार्ड विकून आले तेवढे त्याने घातले, बाकीचे आरडीतून.

बिल मी माझ्या नावावर करून घेतलं आणि वॉरंटीचा कागद फ्रिजच्या कागदांबरोबर फाइलला लावला. ट्रॉल्या तीनऐवजी दोनच झाल्या. तिसरीच्या जागेत सध्या नव्या कार्डाचं रिकामं खोकं आहे. वॉरंटी संपेपर्यंत टाकायचं नाही म्हणे.