आजोबांची मोटार

घरातील वडीलधारे माणूस गेले, म्हणजे त्याच्यामागे अनेक वस्तू राहतात. कोणाच्या घरी तांब्यापितळेची भांडी राहतात, कोणाच्या घरी पुस्तकांचे कपाट, तर कोणाच्या घरी एक जुनी मोटार. आजोबांनी ती मोठ्या हौसेने घेतलेली असते. दर रविवारी ती स्वतःच्या हाताने धुतलेली असते. नातवंडांना तिच्यात बसवून जत्रेला आणि गणपती पाहावयास नेलेले असते. त्यामुळे ती विकावी, असे घरातील कोणालाच वाटत नाही. मग तिच्यावर एक जाड कापड घालून ती अंगणाच्या कोपऱ्यात उभी केली जाते आणि आजोबांची आठवण आपण जपली, असे सर्वांना समाधान वाटते.

परंतु हे समाधान फार दिवस टिकत नाही. पितळेचे भांडे झाकून ठेवले तर वर्षानुवर्षे राहते. यंत्राचे तसे नसते. चालणारे यंत्र झिजते, हे सर्वांना ठाऊक असते. उभे राहिलेले यंत्रही झिजते, आणि कित्येकदा चालणाऱ्याहून अधिक झिजते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

महाराष्ट्रातील अनेक घरांत अशी मागे राहिलेली मोटार ‘प्रीमियर पद्मिनी’ असते. सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने मोटारी बनू लागल्या. त्यांतील ‘फियाट ११००’ ही गाडी पुढे ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. लोक मात्र तिला अखेरपर्यंत ‘फियाट’च म्हणत राहिले. २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. काळ्या-पिवळ्या रंगाची टॅक्सी म्हणून ती मुंबईत त्यानंतरही धावत होती. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही सेवा संपली. आता ज्या थोड्या पद्मिनी उरल्या आहेत, त्या बहुतेक घरोघरी जपलेल्याच आहेत.

या गाडीचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे असते. आजच्या मोटारींत इंजिनाला किती पेट्रोल द्यावयाचे, हे संगणक ठरवितो. पद्मिनीत ते काम कार्ब्युरेटर नावाचे एक साधे यंत्र करते. इंजिनाकडे ओढल्या जाणाऱ्या हवेच्या झोताबरोबर पेट्रोलचे सूक्ष्म थेंब मिसळून तो ते मिश्रण सिलिंडरांकडे पाठवितो. सगळी रचना डोळ्यांना दिसणारी आणि पान्याने उघडता येणारी असते. म्हणूनच जुन्या गाडीची निगा राखणे शक्य असते. आणि म्हणूनच ती निगा माणसाने स्वतः राखावी लागते. काही बिघडले तर ते सांगणारा दिवा तिच्यात क्वचितच असतो.

कापडाखाली दोन वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे काय होते, ते पाहण्यासारखे आहे. टाकीतील पेट्रोलचा हलका अंश उडून जातो आणि मागे चिकट गाळ राहतो. हा गाळ कार्ब्युरेटरच्या केसासारख्या बारीक छिद्रांत बसला, की ती बुजून जातात. बॅटरी वापरली नाही तरी तिच्यातील वीज हळूहळू ओसरते, आणि पूर्ण उतरलेली बॅटरी पुष्कळदा पुन्हा भरत नाही. रबराच्या नळ्या व पट्टे कडक होऊन त्यांना भेगा पडतात. एकाच जागी भार सोसून टायर तळाशी चपटे होतात. कापडाखाली अडकलेल्या ओलीने पत्र्याला गंज चढतो. कोकणातील खाऱ्या व दमट हवेत तर तो अधिकच लवकर चढतो. शिवाय उंदरांना इंजिनाजवळची ऊबदार जागा फार आवडते. ते तेथे घरटे करतात आणि तारांवरील आवरण कुरतडतात. अशा उघड्या तारेतून गाडीला आग लागण्याचा संभव असतो.

अशी गाडी पुन्हा चालू करावयाची असेल, तर उतावीळपणे किल्ली फिरवू नये. प्रथम जाणत्या मिस्त्रीला बोलवावे. तो टाकीतील जुने पेट्रोल काढतो, कार्ब्युरेटर उघडून स्वच्छ करतो आणि इंजिनातील तेल बदलतो. इंजिनात धातूवर धातू सतत घासत असतो. तेलाचा पातळ थर त्यांच्यामध्ये राहतो, म्हणूनच ते एकमेकांना खात नाहीत. हे तेल किती आहे, ते पाहण्यासाठी इंजिनात एक खुणांची दांडी असते. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद असताना ती बाहेर काढावी, पुसावी, पुन्हा आत घालून काढावी. तेल दोन खुणांच्या मध्ये असावे. एवढे काम अकरा वर्षांचे मूलही मोठ्यांच्या देखरेखीखाली शिकू शकते.

इंजिनाहूनही अधिक काळजी ब्रेकची घ्यावी लागते. सतराव्या शतकात ब्लेझ पास्काल या फ्रेंच शास्त्रज्ञाने एक नियम सांगितला. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला, तर तो सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, असा तो नियम होय. चालकाचा पाय पडला, की नळ्यांतील द्रव तो दाब चारही चाकांपर्यंत नेतो आणि गाडी थांबते. या द्रवाला लोक ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. तथापि ते इंजिनाचे तेल नव्हे. इंजिनाचे तेल चुकून त्यात पडले, तर आतील रबरी वॉशर फुगून ब्रेक निकामी होतात. ब्रेक ऑइलला आणखी एक खोड असते. ते हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे आतील भाग गंजतात, आणि घाट उतरताना ब्रेक तापले म्हणजे त्या पाण्याची वाफ होते. वाफ द्रवासारखी नसते. ती दाबली जाते. मग पाय खाली जातो, परंतु गाडी थांबत नाही. म्हणून ब्रेक ऑइल साधारणतः दर दोन वर्षांनी बदलावे आणि रबरी वॉशर जुने झाले, की नवे घालावेत. इंजिन चालले नाही, तर गाडी जागच्या जागी राहते. ब्रेक लागला नाही, तर माणूस जातो. म्हणून जाणते लोक जुन्या गाडीवर पहिला खर्च ब्रेकवर करतात, रंगावर नव्हे.

टायरांचेही तसेच आहे. नक्षी खोल दिसते, म्हणून टायर चांगला, असे समजू नये. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा दाखवितात आणि पुढचे दोन वर्ष दाखवितात. २३१९ असे आकडे असतील, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला, असे समजावे. फार जुन्या टायरचे रबर आतून कडक झालेले असते, आणि भर वेगात ते फुटण्याची भीती असते. हे आकडे वाचताना स्टेपनीला विसरू नये.

एकदा गाडी सुरू झाली, की तिची निगा ही रोजच्या सवयीची गोष्ट होते. निघण्यापूर्वी तेल व रेडिएटरमधील पाणी पाहावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये. आतील उकळते पाणी उसळून तोंड व हात भाजतात. आठवड्या-पंधरवड्याने गाडी अर्धा-पाऊण तास तरी रस्त्यावर न्यावी. दारातच पाच मिनिटे इंजिन चालवून बंद केले, तर उपकारापेक्षा अपायच अधिक होतो, कारण इंजिन पुरते तापत नाही आणि आत जमलेली ओल बाहेर पडत नाही. बंद खोलीत तर इंजिन कधीच चालवू नये. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. आणि माणसाला कळण्यापूर्वीच तो त्याला बेशुद्ध करतो. पावसाळ्यात गाडीच्या खालच्या अंगाला बसलेला चिखल धुवून काढावा, दारांच्या तळाची पाणी जाण्याची छिद्रे मोकळी करावी, आणि उन्हाच्या दिवशी कापड काढून तिला वारा लागू द्यावा.

आजच्या काळात जुन्या गाडीपुढे एक नवी अडचण आली आहे. भारतात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. पद्मिनीच्या काळातील रबरी नळ्या या मिश्रणासाठी बनविलेल्या नव्हत्या. त्या फुगतात किंवा ठिसूळ होतात आणि पेट्रोल गळू लागते. इथेनॉलला सोसतील अशा नळ्या घालणे, हाच त्यावर उपाय होय. सुटे भाग मिळविण्यासही खटपट करावी लागते. त्यासाठी मुंबईच्या कुर्ल्यातील किंवा चोरबाजारातील दुकानांतून हिंडावे लागते. अशा वेळी जुना मिस्त्री हा मोठा आधार असतो. नुसत्या आवाजावरून दोष ओळखणारी ती माणसेही आता थोडीच उरली आहेत.

सरकारी कागदपत्रांकडेही लक्ष पुरवावे लागते. मूळ मालक वारल्यावर तीस दिवसांच्या आत तसे परिवहन कार्यालयास कळवावे आणि तीन महिन्यांच्या आत गाडी वारसाच्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करावा, असा नियम आहे. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडीची तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. विमा आणि धुराच्या तपासणीचा दाखला यांवाचून गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

पुष्कळदा अशा गाडीच्या पुढच्या कप्प्यात एक लहानशी वही सापडते. तेल कोणत्या तारखेस बदलले, बॅटरी केव्हा घेतली, कोणत्या घाटात इंजिन तापले, हे सारे आजोबांनी तीत बारीक अक्षरांत लिहून ठेवलेले असते. घरातील माणसे ती आठवण म्हणून कपाटात ठेवून देतात. वास्तविक गाडीइतकाच मोलाचा वारसा तो आहे. त्या वहीवरून गाडीचा स्वभाव कळतो, आणि तिच्या शेवटच्या नोंदीखाली नवी तारीख घालून पुढे लिहावे, अशीच तिची अपेक्षा असते.

तरीही एक गोष्ट मनाशी पक्की असावी. तळाचा सांगाडाच गंजून पोखरला असेल, किंवा मिस्त्रीने गाडी धोक्याची ठरविली असेल, तर केवळ मायेपोटी ती रस्त्यावर आणू नये. जुन्या गाडीत आजच्या गाडीसारखी संरक्षणाची साधने नसतात. म्हणून चांगल्या स्थितीतील गाडीही बेताच्याच वेगाने चालवावी. ज्या आजोबांनी नातवंडांना जपून नेले-आणले, त्यांची आठवण राखावयाची म्हणून कोणाचा जीव धोक्यात घालणे त्यांनाही रुचले नसते.

वारशाने वस्तू मिळते. परंतु तिची निगा कशी राखावी, हे वारशाने मिळत नाही. ते शिकावे लागते. ज्या घरात रविवारी सकाळी कापड दूर होते, बॉनेट उघडते आणि नात वडिलांच्या शेजारी उभी राहून तेलाची दांडी पुसते, त्या घरात आजोबांची मोटार खऱ्या अर्थाने जपली जाते.

अभ्यास

१. उभी राहिलेली गाडी कोणकोणत्या कारणांनी बिघडते?
२. जुन्या गाडीवर पहिला खर्च ब्रेकवर का करावा?
३. टायरवर ०८२१ असे आकडे असतील, तर त्यांवरून काय समजते?
४. आजोबांची वही हा मोलाचा वारसा आहे, असे का म्हटले आहे?
५. तुमच्या घरातील एखाद्या जुन्या वस्तूची निगा कोण व कशी राखते, ते दहा ओळींत लिहा.