बॅकअपचा परवाना : पैसे कशाचे?

कृष्णाकाठ : सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. सांगली-साताऱ्यातल्या नदीकाठच्या बँका आणि साखर कारखान्यांच्या डेटाची एक प्रत पूररेषेबाहेर हवीच.

मोजमाप : अशी प्रत काढणाऱ्या बॅकअप सॉफ्टवेअरच्या परवान्याचं शुल्क सर्व्हरमधल्या प्रोसेसरवर, व्हर्च्युअल मशीनच्या संख्येवर किंवा टेराबाइटवर ठरतं. खरी मेख टेराबाइटमध्ये आहे. मूळ डेटा मोजायचा की साठवलेल्या प्रती? १० टेराबाइटच्या ३ पूर्ण प्रती, डेटा न आक्रसता ठेवल्या, तर एका पद्धतीने १० टेराबाइट, दुसरीने ३०. सही करण्याआधी हे कलम वाचावं.

मुदत
- कायमस्वरूपी : वापराचा हक्क राहतो, नव्या आवृत्त्या आणि मदतीचं शुल्क सहसा वेगळं.
- वर्गणी : संपली की नवे बॅकअप सहसा थांबतात. जुना डेटा परत काढता येईल का, ते करारावर.

मुक्त सॉफ्टवेअर : बाकुलाची कम्युनिटी आवृत्ती, बेरिओस. परवाना एजीपीएल ३, शुल्क नाही. जाणकार माणूस मात्र लागतो.

कायदा : कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(एए). सॉफ्टवेअर कायदेशीररीत्या बाळगणाऱ्याला, नुकसानीपासून तात्पुरत्या संरक्षणापुरती, त्याची बॅकअप प्रत काढता येते. ती दुसऱ्या सर्व्हरवर रोज चालवण्याची मुभा त्यात नाही.